परड्यातून दिसणारे स्थलांतर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

श्रावण सरून भाद्रपद लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळाभर गोगलगायी, बुरशी आणि कुंडीतील माती यांविषयी विचारणारे वाचक पक्ष्यांविषयी विचारू लागतात, आणि तेही रानातल्या नव्हे, तर घरामागच्या परड्यातल्या पक्ष्यांविषयी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी अशा ठिकाणांहून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे. एकच गोष्ट अनेकांनी विचारली असेल तर ते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या परड्यात धुण्याच्या दगडाजवळ दर वर्षी गणपतीच्या दिवसांत पोटाकडे पिवळा असलेला आणि सतत शेपटी हलवणारा एक पक्षी येतो. सासूबाई त्याला 'परीट' म्हणतात आणि 'गेल्या वर्षीचाच आला बघ' असे सांगतात. तो खरोखर तोच असतो का, आणि येतो कुठून? – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : सासूबाईंनी सांगितलेले नाव बरोबर आहे आणि त्यांचा अंदाजही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पाण्याच्या काठाने शेपटी आपटत चालणाऱ्या या पक्ष्यांना मराठीत धोबी किंवा परीट म्हणतात, आणि आपण वर्णन केलेला पक्षी म्हणजे करडा धोबी. त्याची पाठ राखाडी असते, शेपटी अंगाच्या मानाने फारच लांब असते, आणि पिवळा रंग सर्वांत गडद दिसतो तो शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला. छातीकडे येईपर्यंत तो फिकट होत जातो. चिमणीसारख्या टुणटुण उड्या तो मारत नाही, एकेक पाऊल टाकत चालतो. उडाला की लाटेसारखा वरखाली जातो आणि 'चिट्-चिट्' असा धारदार आवाज काढतो. मार्कंडेय आणि मलप्रभेच्या काठी वर्षभर दिसणारा काळा-पांढरा, ठसठशीत पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी हा वेगळा. तो इथलाच रहिवासी आहे आणि इथेच घरटे करतो.

करडा धोबी उन्हाळ्यात हिमालयातील आणि त्यापलीकडच्या आशियातील डोंगरी ओढ्यांच्या काठी पिल्ले वाढवतो, आणि ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरभर आपल्याकडे उतरतो. उत्तरेकडून येणाऱ्या लहान पक्ष्यांत तो अगदी पहिल्यांपैकी एक आहे. कणकुंबी-जांबोटीकडच्या वाहत्या झऱ्यावर तो जसा रमतो, तसाच धुण्याच्या दगडाखालून आळवाच्या वाफ्यात जाणाऱ्या सांडपाण्यावरही रमतो, कारण त्याला हवे असतात ते ओलीवर घोंगावणारे बारीक किडे, आणि ते त्याला दोन्हीकडे मिळतात. माझ्या परड्यातील धोबी सकाळी साबणाचे पाणी वाहून गेल्यावर पाचेक मिनिटांत येतो, दगडाच्या कडेवर उभा राहतो, आळवाच्या पानाखालून उठलेल्या चिलटामागे हातभर उडी घेतो आणि पुन्हा त्याच कडेवर येऊन उभा राहतो. दुसरा धोबी कुंपणावर बसलेला त्याला खपत नाही. एकदा तर अंगणात लावलेल्या स्कूटरच्या आरशात स्वतःचेच रूप दिसले, तेव्हा तो अर्धा तास आरशावर चोची मारत होता. अन्नाच्या जागेवरचा हक्क तो असा राखतो, आणि म्हणूनच एका परड्यात बहुधा एकच करडा धोबी दिसतो.

आता 'तोच का' याविषयी. १८८३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची हलकी धातूची कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. जगभर झालेल्या अशा कामातून हे निश्चित समजले आहे की हजारो किलोमीटर जाऊन येणारे पक्षी, अगदी मुठीत मावणारे असले तरी, पुष्कळदा हिवाळ्यासाठी त्याच बागेत, त्याच कुंपणाशी परत येतात. आपल्या धोब्याच्या पायात कडे नसल्यामुळे तो तोच आहे असे सिद्ध करता येणार नाही. पण त्याच दगडावर, त्याच आठवड्यात येऊन दुसऱ्यांना हाकलणारा पक्षी तोच असण्याची शक्यता चांगली आहे. मात्र लहान पक्ष्यांचे आयुष्य थोडे आणि प्रवास जोखमीचा असतो, त्यामुळे एखाद्या वर्षी जुन्या पक्ष्याची रिकामी झालेली जागा नव्याने घेतलेली असू शकते, हेही सासूबाईंना सांगावे.

एका शब्दाविषयी माझे मत येथेच नोंदवतो. या पक्ष्यांना आपण सर्रास 'पाहुणे' म्हणतो. करडा धोबी सप्टेंबरात येतो आणि एप्रिलमध्ये जातो. वर्षातले सात-आठ महिने तो शहापूरच्या परड्यात काढतो आणि हिमालयात राहतो तो केवळ बाळंतपणापुरता. बाळंतपणासाठी माहेरी जाऊन आलेल्या सुनेला कोणी पाहुणी म्हणत नाही.

प्रश्न : पक्षी आल्याची तारीख लिहून ठेवायची असेल तर ती कशी लिहावी? माझ्याकडे दुर्बीण नाही आणि रानात जाण्याइतका वेळही नाही. – एक विद्यार्थी, कडोली

उत्तर : दुर्बीण नाही म्हणून थांबू नये. परड्यातील पक्षी दहा-पंधरा हातांवर येतात आणि एवढ्या अंतरावर डोळे व कान पुरेसे असतात. पुढे कधी घ्यावीशी वाटली तर आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, म्हणजे ज्यावर ८×४२ असे लिहिलेले असते ती घ्यावी. त्याहून अधिक पटीची हातात स्थिर राहत नाही.

खरी गरज आहे ती ठरलेल्या जागेची आणि ठरलेल्या वेळेची. सप्टेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान सूर्य उगवतो. त्यानंतरच्या दीड तासात कधीही वीस मिनिटे परड्याच्या एकाच कोपऱ्यात, पाठ भिंतीला टेकवून, हालचाल न करता बसावे. लहान पक्ष्यांपैकी बहुतेक रात्री प्रवास करतात आणि पहाटे जिथे झाडी दिसेल तिथे उतरतात. रात्रभर उडून आलेला पक्षी सकाळी भुकेला असतो, त्यामुळे तो उघड्यावर येण्याची शक्यता याच वेळी सर्वांत अधिक. रात्री पाऊस पडून पहाटे उघडीप झाली असेल तर ती सकाळ चुकवू नये.

तारखेबाबत एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. 'गणपतीत आला', 'घटस्थापनेला दिसला' अशा नोंदी घराघरांत असतात आणि त्या गोड वाटतात, पण त्यांची तुलना करता येत नाही, कारण आपले सण तिथीने येतात आणि गणेश चतुर्थी कधी ऑगस्टच्या उत्तरार्धात, तर कधी सप्टेंबरच्या मध्यानंतर पडते. पक्ष्यांच्या शरीरात प्रवासाची तयारी सुरू होते ती दिवसाच्या लहान होण्याने, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने. म्हणून इंग्रजी तारीख लिहावी, किंवा शेतकरी लावतात तसे पावसाचे नक्षत्र लिहावे, कारण तीही नक्षत्रे सूर्याचीच असतात आणि दर वर्षी जवळपास त्याच तारखांना लागतात. उत्तरा १३ सप्टेंबरच्या सुमारास, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमारास. 'उत्तरा लागताना धोबी, हस्तात वटवट्या' ही नोंद पंचवीस वर्षांनंतरही उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ज्या दिवशी पक्षी दिसला नाही, त्या दिवशी 'पाहिले, दिसला नाही' असे लिहावे. आपण २० सप्टेंबरला पहिल्यांदा परड्यात डोकावलात आणि धोबी दिसला, तर २० सप्टेंबर ही आपण डोकावल्याची तारीख आहे, तो आल्याची नाही. पण १५ पासून १९ पर्यंत रोज पाहिले आणि दिसला नाही असे वहीत असेल, तर मात्र २० ही त्याच्या येण्याची तारीख म्हणून विश्वासाने सांगता येते. २००७ मध्ये देशभरातील हौशी निरीक्षकांकडून हिवाळी पक्ष्यांच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा गोळा करण्याचा 'मायग्रंटवॉच' हा उपक्रम सुरू झाला. आता 'ई-बर्ड' या संकेतस्थळावर कोणालाही आपली यादी विनामूल्य भरता येते.

आपल्या गावाला अशा नोंदींची जुनी परंपरा आहे, हे येथील तरुणांना ठाऊक असावे असे मला वाटते. १८८० च्या सुमारास बेळगावच्या छावणीत असलेले लष्करी अधिकारी ई. ए. बटलर यांनी दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातील पक्ष्यांची यादी तयार करून १८८१ मध्ये पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. कडोलीच्या परड्यातील वही त्याच कामाचा पुढचा भाग आहे.

प्रश्न : कुंपणाच्या मेंदीत आणि शेवग्याखालच्या झुडपांत दसऱ्याच्या आसपास 'टक्… टक्…' असा आवाज सुरू होतो, जणू कोणी दोन खडे एकमेकांवर आपटत आहे. पक्षी मात्र दिसत नाही. हा शिंपी आहे का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : शिंपी नव्हे. शिंपी वर्षभर परड्यातच असतो, शेपूट उभी करून मिरवतो, त्याचा माथा तांबूस असतो आणि त्याची हाक अंगाच्या मानाने फार मोठी असते. आपण ऐकता तो बहुतेक ब्लिथचा वेळू वटवट्या. एडवर्ड ब्लिथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते आणि त्यांनी १८४९ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले.

हा पक्षी पाहायला मिळणे कठीण आणि पाहिल्यावर वर्णन करणे त्याहून कठीण, कारण त्याच्या अंगावर डोळ्यांत भरेल अशी एकही खूण नाही. वरून मातकट हिरवट, खालून मळकट पांढरा, कपाळ चपटे, चोच लांबट, डोळ्याच्या पुढे फिकट भुवईची जेमतेम रेघ. वजन दहा-बारा ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या एक तोळ्याएवढे. एवढा जीव फिनलंड आणि बाल्टिक किनाऱ्यापासून सैबेरियापर्यंत आणि मध्य आशियात पसरलेल्या आपल्या वीणक्षेत्रातून निघून खानापुरातल्या मेंदीच्या कुंपणात येतो. निघण्यापूर्वी तो भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवतो आणि तीच वाटेत जाळतो. त्या उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेली पिल्ले आईबापांच्या सोबतीवाचून हा प्रवास करतात. कोणत्या दिशेने आणि साधारण किती दिवस जायचे हे त्यांच्या रक्तातच असते, आणि तारे, मावळतीचा प्रकाश व पृथ्वीचे चुंबकत्व यांवरून ती दिशा राखतात.

त्याला पाहण्यासाठी आवाजाच्या मागे फिरू नये. झुडपापासून आठ-दहा पावलांवर बसावे आणि जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंतच्या भागावर नजर ठेवावी. आधी पान हलते, मग काटकीवर आडवी सरकणारी सावली दिसते, आणि मग क्षणभर पक्षी. वर, आंब्याच्या किंवा करंजाच्या शेंड्याकडून 'चि-स्ली' असा ओला, किंचित घसरणारा आवाज येत असेल तर तो दुसरा, हिरवट पर्ण वटवट्या. तो याहून लहान, लांब फिकट भुवईचा, आणि पंखावर एक बारीक फिकट पट्टी असलेला. एक तळमजल्यावर आणि एक माडीवर अशी या दोघांची वाटणी लक्षात ठेवली की निम्मे काम होते. दोघेही दिवसभर पानांवरील किडी टिपत असतात, तेव्हा ज्यांच्या परड्यात वटवट्या आहे त्यांनी कीटकनाशकाचा पंप खाली ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : गेल्या ऑक्टोबरमध्ये पहाटे आमच्या मागच्या खिडकीखाली एक अत्यंत सुंदर पक्षी पडलेला सापडला. हिरवी पाठ, पंखावर चकाकता निळा डाग, पोटाखाली लाल, डोळ्यावरून काळा पट्टा, शेपूट आखूड. जिवंत होता. आम्ही चोच उघडून पाणी पाजले, मुलांनी हातात घेतले, आणि तासाभरात तो मेला. आमचे काय चुकले? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले. आपण जे केले ते मायेपोटी केले, आणि कोणी सांगितले नसेल तर बहुतेक माणसे हेच करतात.

तो पक्षी नवरंग. वळवाच्या पावसाबरोबर, मे-जूनमध्ये, तो वीण करण्यासाठी मध्य भारतात, हिमालयाच्या पायथ्याकडे आणि सह्याद्रीच्या रानांत पोचतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दक्षिण भारताकडे व श्रीलंकेकडे परततो. तोही रात्री उडतो. वाटेत गावांचे दिवे त्याला भुलवतात, थकलेला पक्षी पहाटे खाली येतो आणि काचेत उमटलेले आभाळ किंवा झाड खरे समजून तिच्यावर धडकतो. इतर वेळी दाट रानात पालापाचोळ्यात दडून राहणारा हा पक्षी वस्तीत सापडतो तो बहुधा याच दोन हंगामांत.

धडकेने डोक्याला मार बसलेला असतो. अशा वेळी चोचीत ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका मोठा, आणि माणसाचा हात, आवाज व उजेड यांच्या धास्तीने दगावण्याचा धोकाही तितकाच मोठा. त्याला हवा असतो तो अंधार, ऊब आणि शांतता. मऊ कापडात अलगद उचलून, तळाशी कापड अंथरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे, खोक्याला आधीच चार भोके पाडावीत, झाकण लावावे आणि मांजर, मुले व पंखा यांपासून दूर ठेवावे. पाणी नाही, दाणा नाही, मधूनमधून उघडून पाहणेही नाही.

तीन वर्षांपूर्वी हस्ताच्या पावसात माझ्याही खिडकीवर एक नवरंग आपटला होता. चपलांच्या खोक्यात ठेवल्यानंतर पहिला तासभर आतून काहीच हालचाल जाणवली नाही. मग पुठ्ठ्यावर नखांची खरखर सुरू झाली, आधी एका कोपऱ्यात आणि नंतर सगळीकडे. खोका आंब्याखाली नेऊन आडवा केला आणि मी मागे सरकलो. तो बाहेर आला, दोन्ही पायांवर ताठ उभा राहिला, आखूड शेपूट दोनदा खालीवर केली, आणि जणू काहीच घडले नाही अशा रीतीने एक वाळके पान चोचीने उलटून बाजूला टाकले. दुसऱ्या पानाखाली त्याला काही सापडले असावे. मग तीन उड्यांत तो हळदीच्या पानांत शिरला आणि दिसेनासा झाला.

दोन तासांनंतरही पक्षी उभा राहत नसेल, पंख लोंबत असेल किंवा रक्त येत असेल, तर वनखात्याला कळवावे किंवा पशुवैद्यांकडे न्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना संरक्षण आहे, त्यामुळे बरा होईपर्यंत म्हणून पिंजऱ्यात ठेवून घेणे योग्य नाही. मृत पक्ष्याच्या पायात कडे आढळले तर त्यावरील अक्षरे व क्रमांक जसेच्या तसे उतरवून, जागा आणि तारीख यांसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे.

पुढच्यासाठी उपाय असा. ज्या खिडकीत झाडाचे प्रतिबिंब पडते, तिच्या काचेला बाहेरच्या बाजूने खडूच्या किंवा पांढऱ्या रंगाच्या उभ्या रेघा, दोन-दोन इंचांच्या अंतराने, सप्टेंबर ते नोव्हेंबर ओढून ठेवाव्यात. ससाण्याचे एकच चित्र काचेवर चिकटवण्याचा काही उपयोग होत नाही; पक्षी त्या चित्राच्या शेजारून जायला पाहतो आणि काचेवरच आपटतो. मागच्या अंगणातला दिवा रात्री दहानंतर बंद ठेवता आला तर तेही करावे.

प्रश्न : शाळेच्या मागील आवारात मुले पक्ष्यांसाठी तांदूळ आणि बाजरी टाकतात. बाहेरून येणाऱ्या पक्ष्यांसाठी आणखी काय ठेवावे? – एक शिक्षिका, चिकोडी तालुका

उत्तर : शरदात उत्तरेकडून येणारे परड्यातले बहुतेक पक्षी, म्हणजे धोबी, वटवट्या, लाल शेपटी थरथरवणारा थिरथिरा, तपकिरी खाटीक, राखी कोतवाल, हे किड्यांवर जगतात. टाकलेल्या दाण्यांवर पारवे आणि कावळे जमतात आणि लहान पक्षी उलट दूर राहतात. तेव्हा मुलांनी दाणे बंद करून पाणी ठेवावे. मातीची पसरट थाळी, पाणी दोन बोटांहून खोल नको, मधोमध एक खडबडीत दगड, आणि मांजराला दडून बसता येणार नाही अशी मोकळी जागा. पाणी रोज बदलावे आणि थाळी घासावी, नाहीतर डासांच्या अळ्या होतील. आवाराच्या एका कोपऱ्यातला पाला झाडू नये. तो पाला हेच पक्ष्यांचे ताट आहे.

प्रश्न : आमच्या भागात भोरड्यांचे थवे सप्टेंबरपासूनच दिसू लागतात आणि ज्वारी भरली की रानात गोफण घेऊन उभे राहावे लागते. हे पक्षी शेतकऱ्याचे वैरी आहेत की मित्र? – एक शेतकरी, अथणी तालुका

उत्तर : दाण्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्या उतरल्या की नुकसान होते, हे मान्य केलेच पाहिजे, आणि राखण करणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण याच पक्ष्याचा उरलेला हिशेबही मांडावा. भोरडी, म्हणजे गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची मैना, पूर्व युरोपपासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ मुलखात टोळांच्या भरवशावर पिल्ले वाढवते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आटोक्यात ठेवण्यासाठी भोरड्यांनी घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांच्या राशी रचून देतात. वीण लवकर आटोपून ती जुलै-ऑगस्टपासूनच भारतात येऊ लागते आणि एप्रिलपर्यंत राहते. ज्वारी भरेपर्यंतचे हे सगळे महिने ती आपल्या रानांतले नाकतोडे व अळ्या आणि झाडांवरची फळे खाते, आणि पुढे पळस, पांगारा व सावर फुलली की मध पिता पिता परागकण या फुलावरून त्या फुलावर नेते. दाणे पक्व होण्याच्या तीन-चार आठवड्यांपुरती राखण करावी, विष मात्र कधीही घालू नये. आपल्या घरामागे वड किंवा पिंपळ असेल तर सायंकाळी साडेपाचला गच्चीवर जाऊन पाहावे. झोपण्यापूर्वी थवा ज्या रीतीने वळतो, त्यासाठी दिवसाकाठी पाच मिनिटे देणे मुळीच जड नाही.

प्रश्न : आमच्या घरावरून हिवाळ्याच्या तोंडाला मोठे पक्षी ओळीने जातात. कोणी बगळे म्हणते, कोणी करकोचे. ओळखावे कसे? – एक वाचक, घटप्रभा

उत्तर : आपले घर फार चांगल्या जागी आहे. धूपदाळच्या बंधाऱ्यामागील पाणथळीवर, घटप्रभा पक्षी अभयारण्यात, हिवाळ्यात करकरा क्रौंच आणि पांढरे करकोचे येतात. आधी मान पाहावी. बगळा उडताना मान आखडून घेतो. क्रौंच आणि करकोचा दोघेही ती सरळ पुढे ताणतात. मग ऐकावे. क्रौंच बाणाच्या टोकासारखी रांग करून सतत कर्कश हाका देत जातात, त्यावरूनच त्यांना करकरा हे नाव पडले. करकोच्याला असा आवाज नसतो. तो ऊन तापल्यावर उष्ण हवेच्या स्तंभावर पंख न हलवता घिरट्या घेत वर चढतो आणि घरट्यावर असतानाही केवळ चोच वाजवतो. हे दोघे ऑक्टोबरच्या उत्तरार्धाआधी सहसा येत नाहीत, तेव्हा सप्टेंबरात ओळीने जाताना दिसले तर बगळे समजावे.

प्रश्न : पहिल्या प्रश्नासारखाच धोबी आमच्याकडेही सहा-सात वर्षे येत होता. गेल्या वर्षी आला नाही आणि यंदाही उत्तरा संपत आले तरी पत्ता नाही. मधल्या काळात आम्ही परड्यात फरशी बसवली आणि मोरीचे पाणी नळातून गटाराला सोडले. त्याचा संबंध असेल का? – एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : एका वर्षाच्या गैरहजेरीवरून काही ठरवू नये, कारण पक्षी वाटेत दगावलेला असू शकतो. परंतु दोन वर्षे कोणीच आले नाही, रिकाम्या जागेवर दुसऱ्यानेही हक्क सांगितला नाही, यावरून जागाच त्यांच्या कामाची राहिली नसावी असे वाटते. ओल गेली की चिलटे गेली, आणि चिलटांशिवाय धोब्याला तिथे थांबण्याचे कारण उरत नाही. फरशी उखडण्याची गरज नाही. भिंतीलगतची एक ओळ काढून तेथे हातभर रुंदीचा आळवाचा किंवा कर्दळीचा वाफा करावा आणि भांडी विसळलेले, साबण नसलेले पाणी तेवढे त्यात सोडावे. पाणी साचून राहू नये, जमीन केवळ ओली राहावी.

हे काम हस्त संपण्यापूर्वी झाले तर यंदाही आशा आहे, कारण ज्यांना अजून जागा मिळालेली नाही असे धोबी ऑक्टोबरात फिरत असतात. आलाच तर वहीत तारीख लिहावी आणि शिमगा झाल्यावर एखाद्या सकाळी त्याचा गळा नीट पाहावा. आत्ता पांढुरका असलेला तो गळा, पक्षी नर असेल तर, मार्चमध्ये काळ्या पिसांनी भरू लागतो. तसे दिसले की त्याच्या जाण्याचे दिवस जवळ आले असे समजावे, आणि त्यानंतर धुण्याचा दगड ज्या सकाळी रिकामा दिसेल तीही तारीख लिहून ठेवावी.